नसीमा असं म्हणाली नव्हती

नसीमा, तुझ्या शोकसभेत मी भांडले. माइक बंद केला तरी बोलत राहिले. तू असतीस तर आधी माझा पदर ओढून मला खाली बसवलं असतंस आणि बाहेर आल्यावर म्हणाली असतीस, "मीना, जरा जोरात बोलाले पाह्यजे होतं, मागच्या लायनीले ऐकू नाई गेलं."

सभा तुझ्याच कॉलेजच्या हॉलमध्ये होती. टेबलावर तुझा फोटो, त्याला झेंडूचा हार. तुला झेंडूचा वास आवडायचा नाही, पण ते सांगायचं कुणाला? प्राचार्य बोलले, तुझ्या विभागातल्या दोघी बोलल्या. मग आमच्या गावाजवळच्या डिझेल डेपोचे शेठ उठले. कॉलेजच्या कसल्याशा समितीवर आहेत म्हणे. पांढरा शर्ट, चेहरा पडलेला. म्हणाले, "मॅडम आम्हाला एक मोठी गोष्ट शिकवून गेल्या. निसर्ग स्वतःची साफसफाई स्वतः करतो. माणसानं उगाच मधे पडू नये. हाच त्यांचा संदेश."

लोकांनी माना डोलावल्या. तुझं शरीर मातीत जाऊन पुरता पंधरवडाही झाला नव्हता, आणि तुझ्या तोंडी हे वाक्य घालून तो माणूस हात जोडत होता.

मी उभी राहिले. पुढचं सांगतेच. पण त्याआधी मला हे सगळं पहिल्यापासून आठवायचंय, कारण ते आठवणाऱ्या आपण दोघीच होतो, त्यातली एक गेली.

तुझ्या अब्बांच्या गादी-रजईच्या दुकानावरची खोली मी भाड्यानं घेतली तेव्हा मी कुरखेड्याकडून आलेली, शहराला बिचकणारी मुलगी होते. खाली दिवसभर कापूस पिंजला जायचा आणि वर आपल्या केसांत, वह्यांत, भातातसुद्धा त्याचे तंतू सापडायचे. आपण दोघी एकाच वर्गात, बी.एस्सी.ला. मी पास होण्यासाठी शिकत होते. तू का शिकत होतीस, ते मला गच्चीवर कळलं. कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडून तू जळक्या ऑइलनं काळी झालेली माती आणली होतीस आणि कुंड्यांत भरली होतीस. एकीला नुसतं तसंच ठेवलं, एकीला पाणी घालायचीस, एकीला पाणी घालून खुरप्यानं खालीवर करायचीस. एका कुंडीत मात्र रोज चमचाभर ऑइल ओतायचीस. अम्मी ओरडायच्या, "रजाइयों में बू बैठ जाएगी, कौन लेगा?" तू ऐकायची नाहीस. बऱ्याच महिन्यांनी तू मला वर नेलंस आणि खालीवर केलेल्या कुंडीतली माती माझ्या नाकाशी धरलीस. वास जवळजवळ गेला होता. "खाल्लं यांनी," तू मातीतल्या जिवाणूंबद्दल म्हणालीस, जणू घरातल्या लेकरांनी ताट पुसून खाल्लं होतं. मग रोज ऑइल ओतलेल्या कुंडीकडे बोट दाखवलंस. ती तशीच, चिकट, काळी. "इथी पण खाऊनच राह्यले बिचारे. पण आपण वाढणं थांबवू तेव्हा ना!"

तुझं सगळं शास्त्र त्या गच्चीवर होतं, नसीमा. नंतर तू एम.एस्सी. झालीस, सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागलीस, मी बी.एड. करून कोरपन्याजवळच्या शाळेत लागले आणि तिथल्याच घरात नांदले. तुझी वाक्यं लांब झाली, त्यांत इंग्रजी शब्द आले. अर्थ तोच राहिला. म्हणून त्या शेठचं वाक्य ऐकून माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

आमच्या गावाची गोष्ट कमलाबाईंच्या चहापासून सुरू झाली. कमलाबाई माझ्या शेजारच्या, साठी ओलांडलेल्या, दोन एकर कपाशीच्या मालकीण. त्यांची विहीर गावातली सगळ्यात गोड. लग्नाच्या स्वयंपाकाला लोक त्यांच्याकडून पाणी न्यायचे. एका सकाळी त्या कप घेऊनच माझ्या दारात आल्या.

"बाई, जरा वास घेऊन पाहा बरं. मले वाटते मी पागल झाली. चहाले पेट्रोलचा वास येऊन राह्यला."

मी वास घेतला. येत होता. मग बादलीत पाणी काढलं तर वर रंगीत तवंग, मोराच्या पिसासारखा. बघायला सुंदर होता म्हणून मला आणखीनच किळस आली.

विहिरीपासून थोड्याच अंतरावर, चढावर, तो डेपो आहे. चुनखडी वाहणारे ट्रक तिथं डिझेल भरतात, आणि डिझेल जमिनीत पुरलेल्या लोखंडी टाकीत असतं. टाकी कधी पुरली हे गावात कुणालाच आठवत नव्हतं. आम्ही विचारायला गेलो तर शेठ खुर्चीतून न उठता म्हणाले, "बाईच्या पोरानं विहिरीजवळ ट्रॅक्टर धुतला असंल."

"माह्याकडं ट्रॅक्टर नाई," कमलाबाई म्हणाल्या.

"मग दुसऱ्या कोणाचा असंल."

"आणि मले पोरगाही नाई, शेठ. दोन पोरी आहेत. दोघी नांदतात."

शेठनं मोबाइल उचलून कानाला लावला. आमच्याशी बोलणं संपलं होतं.

त्या संध्याकाळी मी तुला फोन केला आणि पुढच्याच रविवारी तू चंद्रपूरहून बसनं उतरलीस. पिशवीत काचेच्या बाटल्या, कागदात गुंडाळलेल्या. कमलाबाईंनी घरातली प्लास्टिकची बाटली पुढे केली, तर तू म्हणालीस, "प्लास्टिक नको, आजी. डिझेल त्यात मुरते, मग आपल्याले खोटं सांगते." बाटली काठोकाठ भरून, आत हवेचा एक बुडबुडाही न ठेवता झाकण लावलंस. मग विहिरीच्या काठावर बसलीस आणि कमलाबाईंना समजावलंस. त्या दुपारचं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं.

"मातीत बारीक बारीक जीव असतात, आजी. डोळ्याले दिसत नाईत. ते डिझेल खातात. खरंच खातात, त्याचं पाणी आणि हवा करून टाकतात. पण त्यांनाही श्वास घ्या लागते. वरच्या मातीत हवा खेळते, तिथी ते भराभर खातात. खाली पाण्यात हवा लवकर संपते. मग ते लोखंडावर, गंधकावर भागवतात. हळूहळू. तुमचं पाणी भांड्यात ठेवलं की लाल होते ना? सडक्या अंड्यासारखा वास येते ना?"

"येते."

"म्हणजे ते कामाले लागले आहेत."

कमलाबाईंनी विहिरीत डोकावून पाहिलं. "म्हणजे वास येऊन राह्यला म्हणजे ते जेवून राह्यले?"

"हो."

"जेवू दे बाप्पा. कोणाच्या ताटावरून उठवू नये. पण मॅडम, त्यांचं जेवण होईपर्यंत मी काय पिऊ?"

इतक्या वर्षांत तुला निरुत्तर झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. परत जाताना बसस्टँडवर तू म्हणालीस, "मी वर्गात हे इतकं खुश होऊन शिकवते, मीना. एकाही पोरानं हा प्रश्न नाई विचारला. मीही स्वतःले नाई विचारला."

तुझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत जे दिसलं ते तू लेखी दिलंस. पाण्यात डिझेल आहे, ते चढावरून येतंय, टाकी तपासा. तू हेही लिहिलं होतंस की आमच्याकडे वर काळी माती असली तरी खाली चुनखडी आहे, चुनखडीला भेगा आहेत, आणि तेल एकदा भेगेत शिरलं की पळतं. जिवाणूंनी ते धरून खायचं तर ते जरा थांबायला पाहिजे. जिल्ह्याच्या ठिकाणाहून तपासणीला सरकारी साहेब आले. सोबत शेठनं पैसे देऊन आणलेला एक तज्ज्ञ होता. त्यानं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चित्रं दाखवली. "नॅचरल अटेन्युएशन," तो म्हणाला. "म्हणजे जमिनीत नैसर्गिकरीत्या विघटन सुरू आहे. मॅडमच्याच अहवालात त्याचे पुरावे आहेत. लोह वाढलंय, गंधकाचा वास आहे. काहीही करण्याची गरज नाही. फक्त वाट पाहायची."

तू उभी राहिलीस. "टाकी उकरून पाह्यली का?"

"मॅडम, प्रक्रिया सुरू आहे ना."

"प्रक्रिया सुरू आहे म्हणजे गळती बंद आहे असं नाई होत. टाकी उकरली का?"

"त्याची आवश्यकता वाटत नाही."

"वर नळ चालू ठेवून खाली फरशी पुसून राह्यले तुम्ही! विघटनावर सोडायचं तर आधी गळती बंद करा लागते. मग चारी बाजूंनी भोकं पाडून पाणी मोजत राहा लागते, पावसाआधी, पावसानंतर, वर्षानुवर्षं. तेवढे दिवस लोकांना दुसरं पाणी द्या लागते. काही न करणं याले उपाय नाई म्हणत."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. शेठनं चहा सांगितला. तुझ्यासमोर कप ठेवला, तू तो हातानं बाजूला सारलास. बाहेर आल्यावर तुझे डोळे भरलेले होते, रागानं. "माझ्या जिवाणूंच्या नावानं चोरी करून राह्यले हे लोक," तू म्हणालीस. "ते बिचारे खाली मरमर मरून राह्यले आणि हा वर बसून म्हणते, पाहा, सफाई चालू आहे."

त्यानंतर टँकर आला, पण कधी यायचा, कधी नाही. कमलाबाई माझ्या बोअरवरून हंडे न्यायच्या. आणि आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायची, डेपोच्या फाटकासमोर बसू, एकही ट्रक आत जाऊ द्यायचा नाही. तू म्हणायचीस, एका बाटलीवर लढाई होत नाही, पावसाळा जाऊ दे, पुन्हा मोजू, मग ते तोंड उघडू शकणार नाहीत. मी म्हणायची, तू मोजत बस, इकडे म्हातारी हंडे वाहून मोडली. तू म्हणायचीस, फाटकासमोर बसशील तर दुपारी पोलिस उठवतील आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तूच गुन्हेगार. फोनवर आपण इतक्या तावातावानं बोलायचो की माझे यजमान विचारायचे, "मॅडम आपल्या बाजूनं आहेत ना नक्की?"

शेवटच्या फोनवरही आपण तेच भांडलो. मी त्याबद्दल माफी मागत नाही. आपण गच्चीवर असल्यापासून भांडत आलो आणि त्यातूनच काहीतरी ठरत आलं. तू म्हणालीस, "रविवारी येते. राह्यलेलं समोरासमोर भांडू." शुक्रवारी सकाळी चहा उकळत ठेवून तू ओट्याजवळच कोसळलीस. तुझ्या भावाचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते, पोरांचे पाढे चालू होते. मी त्यांना थांबवलं नाही. मला ते आवाज हवे होते.

दवाखान्यात पोचायच्या आत तू गेली होतीस. एवढ्या हट्टी बाईला मृत्यूशी एक वाक्यही भांडू दिलं गेलं नाही, ह्याचा राग मी कुणावर काढू? अम्मींजवळ बसले. त्या माझा हात धरून एकच म्हणत राहिल्या, "चाय तो पी लेती." 

आणि मग ती सभा.

मी उठले आणि म्हणाले, "थांबा शेठ. नसीमा असं म्हणाली नव्हती."

प्राचार्य म्हणाले, "बाई, ही ती वेळ नाही."

"मग कोणती? ती उठून सांगणार आहे का?"

कुणीतरी माइक बंद केला. मुलं चुळबुळली. मला वाटतं मला बसवलंच असतं, पण पहिल्या रांगेतून अम्मी बोलल्या. आवाज अगदी बारीक होता तरी हॉल गप्प झाला. "बोलने दो उसको. मेरी बेटी की बात है."

म्हणून मी सगळं सांगितलं. माती तेल खाते हे तू आयुष्यभर शिकवलंस आणि ते खरं आहे. पण वरून ओतणं थांबवा, खाली काय चाललंय ते मोजा, आणि तोवर लोकांना पाणी द्या, हेही तू तितक्याच वेळा म्हणालीस. अर्धं वाक्य घेऊन अर्धं गाडून टाकायचं, आणि तेही बाई गाडली गेल्यावर, याला श्रद्धांजली म्हणत नाहीत. शेठ खाली मान घालून हसल्यासारखं करत होते. मी त्यांना विचारलं, "टाकी उकरली का?" ते म्हणाले, "भावनेच्या भरात आहेत बाई." मी पुन्हा विचारलं. ते हार सरळ करायच्या निमित्तानं तुझ्या फोटोकडे वळले. तुझ्या फोटोमागे लपले, नसीमा!

कुणीतरी मोबाइलवर हे सगळं टिपलं होतं. ते चंद्रपूरभर फिरलं. साहेबांना गावात यावंच लागलं, ग्रामसभेत. ते खूप छान बोलले. नियम सांगितले, प्रक्रिया सांगितली, तुझ्याबद्दल आदरही व्यक्त केला. प्रत्येक मुद्दा संपला की कमलाबाई जागेवरून विचारायच्या, "टाकी उकरली का?" मग दुसरी बाई, मग तिसरी. पुढे पुढे पुरुषही. साहेबांना दुसरं काही बोलताच येईना. मी एक शब्द उच्चारला नाही. मला फाटक अडवायचं होतं, तुला पुरावा उभा करायचा होता, आणि कमलाबाईंनी दोन्ही बाजूला ठेवून नुसता प्रश्न धरून ठेवला. तू असायला हवी होतीस. मला हे मान्य करायला तूच समोर हवी होतीस.

शेवटी जेसीबी आला. टाकी वर आली तेव्हा तिच्या बुडाला गंजून भोक पडलं होतं, बोट जाईल एवढं. खालची माती ओली, काळी, निथळणारी. वासानं शाळेतल्या पोरांची डोकी दुखली, मी त्या दिवशी शाळा लवकर सोडली. साहेबांनी शेठकडे पाहिलं. शेठ काय म्हणाले असतील? "लोखंडाला गंज लागणं तर नैसर्गिकच आहे ना."

मी हसले. खरंच हसले, तुझ्यासारखं, आणि मग तिथंच रडले.

शेठची माणसं ती माती ट्रकमध्ये भरून जंगलाकडच्या नाल्यात टाकायला निघाली होती. कमलाबाई ट्रकसमोर उभ्या राहिल्या. "कुठी नेऊन राह्यला रे?" ड्रायव्हर म्हणाला, "तिकडं कोणी राहत नाई, आजी." त्या म्हणाल्या, "तिकडं ढोरं पाणी पितात, मोहाचे झाडं आहेत, बाया वेचाले जातात. कोणी नाई म्हणते!" ट्रक मागे फिरला. माती डेपोच्याच आवारात ताडपत्रीवर ओतायला लावली. तुझ्या विभागातल्या बाई आता दर महिन्याला येतात, खाली काय चाललंय ते मोजतात. पाणी लाल आहे अजून. वास आहे. कधी जाईल, त्या सांगत नाहीत, आणि त्या खोटं सांगत नाहीत म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण 'तोवर मी काय पिऊ?' हा कमलाबाईंचा प्रश्न तसाच आहे, नसीमा. त्या अजून माझ्या बोअरवरूनच हंडे नेतात.

एक गोष्ट तुझी मी कधीच मानली नाही. तू म्हणायचीस, माती माफ करते. माती खाते, पचवते, साफ होते, हे ठीक. माफ करणं वेगळं. ज्यानं निर्मळ पाणी नासवलं आणि म्हाताऱ्या बाईवर ट्रॅक्टरचा आळ घेतला, त्याला माफ करायचं की नाही हे कमलाबाई ठरवतील. मातीला त्यात ओढू नकोस.

परवा शेठनं गावाला पाणी शुद्ध करायचं मशीन दिलं, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या बोअरवर. त्यावर मोठी स्टीलची पाटी. 'निसर्गप्रेमी प्रा. नसिमा मॅडम यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट', आणि खाली तुझ्यापेक्षा मोठ्या अक्षरांत शेठचं नाव. लोक नारळ फोडायला जमले होते. पाणी हवंच आहे गावाला, नाही कोण म्हणेल? सरपंच कमलाबाईंना म्हणाले, तुमच्या हातून नारळ फोडू. कमलाबाईंना वाचता येत नाही. त्यांनी मला पाटी वाचायला लावली. मी वाचली.

"भेट?" त्या म्हणाल्या. "माह्या विहिरीचं पाणी घेतलं त्यानं. हे भेट नाई, परतफेड होय. मशीन राहू द्या. पाटी काढा."

सरपंच घुटमळले. शेठ काही बोलणार होते. मी शाळेतून स्क्रूड्रायव्हर मागवला आणि पाटी स्वतः काढली. मग कमलाबाईंनी नारळ फोडला.

पाटी माझ्याकडेच आहे. काय करायचं तिचं, कळत नाही. फेकवत नाही, तुझं नाव आहे. लावणार तर मुळीच नाही. स्वयंपाकघरात येता-जाता दिसते आणि प्रत्येक वेळी नव्यानं चीड येते, कारण नसीमा, तुझ्या नावातली वेलांटीसुद्धा चुकवलीय त्यांनी.